ताळेबंद जुळतो, प्रश्न उरतो

सीए करणारा किंवा करणारी तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी असेलच. ट्रिपमधून दर वेळी गळणारा तोच. एप्रिलमध्ये त्याचं बँक ऑडिट असतं, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट, आणि मधल्या महिन्यांत परीक्षा. आता समजा हा प्राणी एकदाचा पास झाला, बरी नोकरी लागली, चार-पाच वर्षं गेली. आणि एका रात्री त्याने ग्रुपवर मेसेज टाकला, ‘जॉब सोडतोय, पीएचडी करणार आहे.’

पहिला रिप्लाय ठरलेला आहे: ‘वेडा झालास का?’ दुसरा रिप्लाय जास्त महत्त्वाचा. ‘कशात?’

कारण अकाउंट्समध्ये संशोधन करण्यासारखं काय असणार, हे आपल्यापैकी बहुतेकांना कळत नाही. मी मास कॉमची, त्यामुळे मला तर नाहीच कळायचं. डेबिट-क्रेडिटचे नियम ठरलेले, स्टँडर्ड्स छापलेली, सॉफ्टवेअरमध्ये एंट्री टाकली की ताळेबंद जुळतो. शोधायचं काय त्यात? पण कॉमर्सला असाल तर हा प्रश्न बाजूला टाकू नका. अकाउंटिंगमधून संशोधनाकडे वळावं की नाही, हे ठरतं ते याच प्रश्नाच्या उत्तरावर.

एक उदाहरण घ्या. तुम्ही आर्टिकलशिपला आहात. एका क्लायंटकडे वर्षभर विक्री बेताची, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अचानक बिलांचा पाऊस. वर्षअखेरीला कंपनीला इवलासा नफा. तोटा नाही, नफा. तुम्ही कागद तपासता, डिलिव्हरी चलान बघता, सीनियरला विचारता. कागदपत्रं ठीक असतील तर टिक मारून पुढे जाता. फाइल बंद.

आता हीच गोष्ट हजारो कंपन्यांबाबत एकदम बघितली तर? डेव्हिड बर्गस्टॅलर आणि इलिया डिचेव्ह या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या बाबतीत तेच केलं. त्यांनी कंपन्यांचे नफे-तोटे एका आलेखावर मांडले. असा आलेख डोंगरासारखा एकसलग दिसायला हवा. पण शून्याच्या जरा डावीकडे, म्हणजे ‘थोडासा तोटा’ या जागी, खड्डा होता. आणि शून्याच्या जरा उजवीकडे, ‘थोडासा नफा’ या जागी, उंचवटा. म्हणजे थोडक्यात तोट्यात जाऊ शकणाऱ्या बऱ्याच कंपन्या कशा कोण जाणे, थोडक्यात नफ्यात येत होत्या. एका फाइलमध्ये जो नुसता संशय असतो, तो इथे डोळ्यांना दिसतो. तुमच्या क्लायंटच्या मार्चमधल्या बिलांची गोष्ट याच खड्ड्यात आणि उंचवट्यात कुठेतरी आहे.

ऑडिट करणारा माणूस विचारतो, ‘या कंपनीचे हिशेब बरोबर आहेत का?’ संशोधक विचारतो, ‘कंपन्या असं का करतात, केव्हा करतात, आणि त्याची किंमत कोण मोजतं?’

आपल्याकडचंच एक उदाहरण सांगते, कारण ‘हे सगळं अमेरिकेत चालतं’ असं तुम्ही म्हणणार हे मला माहितीय. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ तुम्ही पाठ केलं असेल. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी. यातलं एक जरी लागू झालं, तर आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न. हरिओम मंचिराजू आणि शिवराम राजगोपाल या दोघांना त्यात वेगळंच काही दिसलं. सरकारने एक रेघ मारली आहे. रेघेच्या वर असलेल्या कंपन्यांना सक्ती, खालच्यांना नाही. मग दोघांच्या शेअरचं काय झालं, ते तोलून बघता येईल! सक्तीच्या कक्षेत आलेल्या कंपन्यांच्या शेअरच्या किमती सरासरी ४.१ टक्क्यांनी घसरल्याचं त्यांना आढळलं. हा पेपर २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’मध्ये आला. या विषयात याहून वरचं जर्नल क्वचितच सापडेल. आणि त्याचा कच्चा माल म्हणजे आपल्या पुस्तकातलं, पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं एक कलम.

असे प्रश्न आपल्या आजूबाजूला पडलेले आहेत. त्याच कायद्याच्या कलम १३९ ने मोठ्या कंपन्यांना ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलणं भाग पाडलं. त्याने ऑडिट सुधारलं, की नवा ऑडिटर पहिली दोन वर्षं चाचपडतच राहतो? सत्यमच्या ताळेबंदात नसलेले ५,०४० कोटी रुपये रोख आणि बँकेत असल्याचं दाखवलं होतं, हे जानेवारी २००९ मध्ये खुद्द अध्यक्षांच्या पत्रातून कळलं. बँक बॅलन्स तर ऑडिटमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात! पतसंस्थांना ऑडिटमध्ये ‘अ’ वर्ग मिळतो, त्याचा ठेवीदारांच्या वागण्यावर काही परिणाम होतो का? साखर कारखान्याचा ताळेबंद ऊस घालणारा सभासद वाचतो का, आणि वाचत नसेल तर तो नेमका कुणासाठी छापला जातो? वार्षिक सभेत जिलेबी-फरसाणाबरोबर वाटला जाणारा तो अहवाल तुमच्याही घरात असेल.

इतिहासाची आवड असेल तर आणखी मोठं घबाड आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. रुमालांत बांधलेले, मोडी लिपीतले कागद, आणि त्यात हिशेबांचा भरणा प्रचंड. मोडी वाचणारे थोडे, हिशेब कळणारे पुष्कळ. पण दोन्ही येणारे किती? जमाखर्चाची शिस्त बाहेरून आली की इथे वेगळी काही होती, हे सांगायला इतिहासकाराला अकाउंटंट लागेल किंवा अकाउंटंटला इतिहासकार व्हावं लागेल.

जाता जाता. दुहेरी नोंद पद्धत पहिल्यांदा छापील पुस्तकात आली ती १४९४ मध्ये व्हेनिसला, आणि ते पुस्तक लिहिणारा लुका पाचिओली गणिताचा शिक्षक होता. हिशेब आणि वर्ग यांचं नातं काही आजचं नाही.

मग सीए झालेला, फर्ममध्ये काम केलेला माणूस या दुनियेत आला तर त्याचं काय होतं? आमच्या मेसमध्ये एक दादा जेवायला येतो. सहा वर्षं ऑडिट केलंय, आता पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाव छापायचं नाही या अटीवर तो बोलला, आणि मग दोन पोळ्या जास्त खाईपर्यंत बोलतच राहिला.

त्याने पहिला आराखडा चाळीस पानांचा लिहिला होता. सगळी स्टँडर्ड्स, सगळी कलमं, सगळं नेटकं. गाइडने तो वाचून एवढंच विचारलं, की यात तुझा प्रश्न कुठे आहे? दादाच्या म्हणण्यानुसार पुढचे आठ महिने याच एका वाक्यात गेले. ऑडिटमध्ये तुम्हाला निष्कर्षाची सवय लागते. सीझनमध्ये डझनभर फायली बंद व्हायच्या, सही व्हायची, संपलं. इथे पहिल्या वर्षात एकही फाइल बंद झाली नाही. पीएचडीला मार्च एंडिंगच नसतो ना! सकाळी लायब्ररीत जायचं, दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचायचं, आणि संध्याकाळी कालपेक्षा थोडं जास्त गोंधळून परत यायचं. फर्ममध्ये त्याच्या हाताखाली चार आर्टिकल्स होते. इथे त्याच्याहून सहा वर्षांनी लहान मुलं त्याला संख्याशास्त्र शिकवतात. रिग्रेशन, स्टाटा, आर हे सगळं त्याला पहिल्यापासून शिकावं लागलं.

पण जमेच्या बाजूला जे आहे ते सरळ मास्टर्स करून आलेल्यांकडे नाही, असंही तो म्हणतो, आणि मला ते पटलं. कंपनीचा डेटा विकत मिळतो. मुंबईच्या सीएमआयई या संस्थेचा ‘प्रोवेस’ डेटाबेस इथले बहुतेक संशोधक वापरतात. त्यात ‘इतर खर्च’ असा एक आकडा असतो. इतरांसाठी तो आकडा असतो; दादाला मात्र माहीत असतं की त्या डब्यात काय काय कोंबलं जातं, कोणत्या महिन्यात कोंबलं जातं आणि कोणाच्या सांगण्यावरून. शिवाय व्हाउचरशिवाय एंट्री नाही, ही सवय हाडात असते. संशोधनात प्रत्येक विधानाला पुरावा लागतो. ऑडिटरला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मायकेल पॉवर स्वतः चार्टर्ड अकाउंटंट. त्यांनी ऑडिट करण्याऐवजी ऑडिटकडेच रोखून बघितलं. समाजाला प्रत्येक गोष्टीची तपासणी का हवीशी झाली आणि त्या तपासणीतून विश्वास वाढतो की नुसते कागद, यावरचं त्यांचं १९९७ चं पुस्तक अकाउंटिंगच्या बाहेरचे लोकही वाचतात. धंद्याच्या आत राहिलेल्या माणसालाच सुचेल असा प्रश्न होता तो.

आता रस्ता. यूजीसीने मार्च २०२१ मध्ये सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या, म्हणजे सीए झालेल्यांना नेट देता येते. कॉमर्सच्या नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. सीए फायनल दिलेल्याला दुसरा पेपर फार जड जाऊ नये. पण पहिल्या पेपरातल्या अध्यापन आणि संशोधन अभियोग्यतेला गृहीत धरू नका. २०२४ पासून नेटचेच गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. जेआरएफ नसेल, तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व. काही विद्यापीठं सीएच्या जोरावर अर्ज घेतात, काही एम.कॉम. मागतात, माहितीपत्रक ओळ न् ओळ वाचा. ते तर तुम्हाला येतंच. आयआयएमचा रस्ता वेगळा आहे. तिथे पदवी आणि सीए असलेल्यांना थेट अर्ज करता येतो, फी माफ असते आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. मात्र जागा अगदी मोजक्या आणि मुलाखत घाम काढणारी.

प्रवेशाआधी एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. विद्यापीठात जागा असून भागत नाही, ती गाइडकडे असावी लागते. २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात, त्यावर नाही. तुमच्या विषयातल्या गाइडचा कोटा भरलेला असेल तर तुमचे नेटचे गुण कितीही असोत, थांबावं लागतं. तेव्हा आधी माणूस शोधा. त्यांचे पेपर वाचा. मग मेल करा, आणि त्या मेलमध्ये स्वतःच्या रँकपेक्षा स्वतःच्या प्रश्नाबद्दल जास्त लिहा.

पुढे १२ क्रेडिट्सचं कोर्सवर्क, दर सत्रात सल्लागार समितीसमोर प्रगती मांडणं, कमीत कमी तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांची मुदत. महिलांना आणखी सवलत आहे, शिवाय पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. घरी ‘या वयात कसली पीएचडी, लग्नाचं बघा’ हा विषय निघाला तर हा आकडा हाताशी असू द्या. कंपनीचं ना-हरकत पत्र असेल तर नोकरी करत अर्धवेळ पीएचडीही करता येते. दादाच्या मते ऑडिटच्या सीझनमध्ये ती फक्त कागदावर होते.

आता मुद्द्याचं. पैसे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००. घरभाडं भत्ता वेगळा. दोन वर्षांचे ८ लाख ८८ हजार, पुढच्या तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार. पाच वर्षांचे झाले बरोबर २४ लाख. आता दुसरा रकाना. समजा, तुमचा आजचा पगार महिना ९०,००० आहे आणि पाच वर्षांत एक रुपयाही वाढणार नाही. (वाढेल. पण समजा.) ते होतात ५४ लाख. फरक ३० लाख. तुमच्या पुस्तकात याला संधी परित्यय म्हणतात. घरी याला ‘तीस लाख पाण्यात’ म्हणतात. आणि हे सगळं जेआरएफ मिळाली तर. तिला वयोमर्यादा आहे, ३० वर्षं; महिलांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सूट. फर्ममध्ये ‘अजून एक वर्ष, अजून एक वर्ष’ करत राहणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लावून ठेवावी. दादाने नेट काढली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. त्याच्या धाकट्या बहिणीची फी तोच भरायचा. म्हणून तिचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत त्याने राजीनामा खिशात ठेवला आणि दोन वर्षांचा खर्च बाजूला काढला. त्याचे वडील अजून नातेवाइकांना ‘कसलीतरी मोठी परीक्षा देतोय’ एवढंच सांगतात.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत. त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून संशोधक विद्यार्थ्यांना आंदोलनाला बसावं लागल्याच्या बातम्या याच पेपरात तुम्ही वाचल्या असतील. तेव्हा ‘मिळेल’ आणि ‘महिन्याच्या एक तारखेला मिळेल’ या दोन वेगळ्या एंट्री आहेत.

आणि पीएचडी झाल्यावर? सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० पासून सुरू होतं. त्यावर भत्ते. वाईट नाही. पण अनुदानित कॉलेजातली कायम जागा मिळणं हा भाग अवघड आहे. पीएचडी हातात घेऊन तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने शिकवणारे सर आणि मॅडम तुमच्याच कॉलेजात असतील. जमलं तर त्यांना एकदा विचारा, सुट्टीच्या महिन्यांत काय करतात. तुमच्या पार्ट-टाइम लेक्चररबद्दल तुम्हाला एवढंही माहीत नसतं, हे मला ही माहिती गोळा करताना जास्त लागलं.

इथे एक गफलत टाळा. नुसतं शिकवायचं असेल, तर पीएचडी लागतेच असं नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीला नेट किंवा सेट ही किमान अट आहे आणि पीएचडी ऐच्छिक. वर्गात उभं राहायला आवडतं आणि लेजर समजावताना मजा येते, एवढंच असेल तर नेट द्या आणि पाच वर्षं वाचवा. बॉस नकोसा झालाय, सीझनचा वीट आलाय, म्हणून पीएचडी करायची असेल तर त्यापेक्षा दुसरी नोकरी बघणं स्वस्त. थिसिस हासुद्धा बॉसच आहे, आणि तो रविवारी पण येतो. पीएचडी त्याने करावी ज्याला फाइल बंद केल्यावरही त्यातली एखादी गोष्ट टोचत राहते.

तुमच्या गणितात परदेश असेल तर तेही सांगते. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत अकाउंटिंगच्या पीएचडीला सहसा फी नसते, स्टायपेंड मिळतो, मास्टर्सची अट नसते. पण एका वर्षी दोन-चारच जण घेतात. तिथे तर ऑडिट आणि टॅक्स शिकवणारे प्राध्यापक इतके कमी पडायला लागले, की २००८ मध्ये अकाउंटंट्सच्या संघटनेच्या फाउंडेशनने मोठ्या फर्म्सकडून पैसे उभे करून एक योजना काढली: नोकरी सोडून पीएचडीला जाणाऱ्या ऑडिटरला वर्षाला ३०,००० डॉलर. आपला चांगला माणूस जाऊ दे, तो पुढची दहा बॅच घडवेल, असा त्यामागचा हिशेब. आपल्याकडच्या फर्म्सना अजून हा हिशेब मांडावासा वाटलेला नाही.

नकारांचीही तयारी हवी. रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी २६१ कंपन्यांचे नफ्याचे आकडे आणि शेअरच्या किमती शेजारी ठेवून बघितल्या. वार्षिक अहवाल हातात पडेपर्यंत त्यातली बहुतेक बातमी बाजाराला आधीच कळलेली असते, असं त्यांना दिसलं. १९६८ चा हा पेपर आज जगभरच्या कोर्सवर्कमध्ये पहिल्या आठवड्यात वाचायला देतात. तो आधी एका नामांकित जर्नलने नाकारला होता.

तुम्ही आत्ता एस.वाय. किंवा टी.वाय.ला असाल तर यातलं काहीच आज ठरवायचं नाहीये. आर्टिकलशिप करा, पैसे कमवा, दहा प्रकारच्या कंपन्यांची कपाटं उघडून बघा. एक वही मात्र वेगळी ठेवा. क्लायंटचं नाव नाही, आकडे नाहीत. गोपनीयता म्हणजे गोपनीयता. फक्त जे विचित्र वाटलं ते एका ओळीत. आणि एखाद्या निवांत रविवारी ‘शोधगंगा’ उघडा. देशभरच्या विद्यापीठांतले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. कॉमर्समधले तीन प्रबंध काढा. शेवट सोडा, फक्त पहिलं प्रकरण वाचा, आणि त्यात प्रश्न कुठल्या पानावर येतो ते बघा. दोन प्रबंधांत तो सापडायला वेळ लागेल. तिसऱ्यात बहुधा पहिल्याच पानावर असेल, आणि तो वाचून तुम्हाला तुमच्या वहीतली एखादी ओळ आठवली, तर त्या प्रबंधावरचं गाइडचं नाव लिहून ठेवा.